नवा कॉम्प्युटर घेतलाय? जुन्यातले मेल आणि अटॅचमेंट असे हलवा

जुना कॉम्प्युटर अजून चालू होतोय ना? मग पेनड्राईव्ह शोधायच्या आधी एक काम करा. मोबाईलवर किंवा दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ब्राउझर उघडा, तुमच्या मेलमधे लॉगिन करा आणि तुमच्याकडे असलेला सगळ्यात जुना मेल तिथे सापडतोय का ते बघा. नुसता शेवटच्या महिन्यातला नाही, पाच-सात वर्षांपूर्वीचा, आणि त्याची अटॅचमेंट पण उघडून बघा. सापडला तर तुमचं अर्धं काम झालंच म्हणून समजा, नाही सापडला तर मात्र तो मेल जगात फक्त एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण म्हणजे तुमचा जुना कॉम्प्युटर.

हे एवढं ठासून सांगायचं कारण माझी आत्या. नवा लॅपटॉप आला, मी सेट करायला बसलो, तर ती म्हणाली, "अरे मेल काय हलवायचे, ते इंटरनेटवरच असतात ना?" म्हटलं बघू. मोबाईलवर लॉगिन केलं तर तिथे फक्त गेल्या दोन आठवड्यांचे मेल. बाकीचे अकरा वर्षांचे सगळे जुन्या मशीनमधे, "महत्वाचे", "महत्वाचे 2" आणि "खूप महत्वाचे" अशा तीन फोल्डरमधे. आणि मशीन दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला द्यायचं ठरलेलं!

असं होतं कारण मेल आणायच्या पद्धती दोन आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप 1984 सालातलं, आयमॅप 1986 सालातलं, म्हणजे दोन्ही म्हातारेच. पॉपमधे प्रोग्रॅम सर्व्हरवरून (म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून) मेल उतरवून घेतो आणि सेटिंग बदललं नसेल तर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतो, लगेच नाहीतर काही दिवसांनी. तेव्हा त्यात अर्थ होता, जीमेलने 2004 मधे 1 जीबी जागा द्यायच्या आधी फुकटच्या मेलबॉक्समधे जागाच दोन-चार एमबी असायची, न पुसून सांगता कुणाला. आयमॅपमधे मूळ मेल सर्व्हरवरच राहतो, तुमच्या मशीनवर नुसती नक्कल येते. अकाउंट सेटिंगमधे जाऊन सर्व्हरचं नाव वाचलंत तरी कळतं, बहुतेक वेळा सुरुवातीलाच पॉप किंवा आयमॅप लिहिलेलं असतं. पोर्ट नंबर दिसत असेल तर 995 किंवा 110 म्हणजे पॉप, 993 किंवा 143 म्हणजे आयमॅप.

पण आयमॅप दिसलं म्हणून लगेच निवांत होऊ नका. डावीकडच्या यादीत "लोकल फोल्डर्स", "आर्काइव्ह", "ऑन माय कॉम्प्युटर" असलं काही वेगळं दिसतंय का बघा. त्यात ओढून टाकलेले मेल सर्व्हरवर नसतात. कधीतरी "मेलबॉक्स भरला" असा मेसेज आल्यावर घाईघाईत तिथे सरकवलेले असतात आणि नंतर आपणच विसरून जातो.

आणि हो, काही लोक डिलीटेड आयटम्स हे फोल्डर कपाटासारखं वापरतात, वाचून झालं की टाका तिकडे, लागलं की शोधा तिकडून. हसू नका, बरेच जण आहेत असे. तुम्ही त्यातले असाल तर आजच ते मेल दुसऱ्या फोल्डरमधे काढा.

पासवर्ड आठवतोय का

हे सगळ्यात आधी का, तर जुन्या मशीनवर तुम्ही वर्षानुवर्षं लॉगिनच आहात, पासवर्ड शेवटचा कधी टाईप केला ते देवालाच माहीत. नवीन मशीन तो मागणार. "फरगॉट पासवर्ड" दाबलं की कोड जाणार जुन्या मोबाईल नंबरवर, जो तुम्ही कधीच बंद केलाय. म्हणून जुन्या मशीनवर लॉगिन असतानाच सेटिंगमधे जाऊन रिकव्हरीचा मोबाईल नंबर आणि दुसरा मेल आयडी बरोबर करून घ्या. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू असेल तर बॅकअप कोड उतरवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, नंतर दहा दिवस जाऊ शकतात.

सगळं सर्व्हरवर असेल तर

मग फार काही नाहीच. नव्या मशीनवर अकाउंट जोडा, पद्धत आयमॅपच निवडा, आणि मेल उतरेपर्यंत थांबा. मेल भरपूर असतील तर रात्रभरही चालेल, मधेच "माझे मेल गायब झाले" म्हणून घाबरू नका. आउटलुकमधे किती महिन्यांचे मेल मशीनवर ठेवायचे असा एक स्लायडर असतो, तो एक वर्षावर असेल तर त्याआधीचे दिसणार नाहीत, तो "ऑल" वर सरकवा.

तरी एक प्रत घरात असावी असं माझं मत. जीमेल असेल तर गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) सगळे मेल अटॅचमेंटसकट एमबॉक्स नावाच्या प्रकारच्या फाईलमधे उतरवता येतात. टेकआउट उघडलं की आधी सगळ्या टिका काढा आणि फक्त मेलवर ठेवा, नाहीतर फोटो आणि ड्राईव्ह पण येतील आणि फाईल अवाढव्य होईल.

आउटलुक असेल तर

खरी मजा इथे आहे. मी बोलतोय ते मशीनवर इन्स्टॉल होणाऱ्या क्लासिक आउटलुकबद्दल. विंडोजबरोबर आता जे नवीन आउटलुक येतं त्यात खाली सांगितलेल्या फाईलींचा सपोर्ट क्लासिकइतका पूर्ण नाहीये, त्यामुळे जुने मेल लोड करायचे तर नव्या मशीनवर पण क्लासिकच टाका.

फाईल, मग अकाउंट सेटिंग्ज, मग परत अकाउंट सेटिंग्ज, आणि वरच्या टॅबमधला "डेटा फाईल्स". इथे तुमची प्रत्येक फाईल आणि ती कुठे आहे तो पत्ता दिसतो. या पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. आता नावाच्या शेवटी काय आहे ते बघा, पीएसटी की ओएसटी.

पीएसटी म्हणजे खरी पेटी. मेल, अटॅचमेंट, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं एका फाईलमधे, उचलायची आणि न्यायची. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मालाची नक्कल, ती ज्या अकाउंटने ज्या मशीनवर बनवली तिथेच उघडते, दुसऱ्या मशीनवर नेऊन उपयोग नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी स्वतःच्याच मशीनवरची 6 जीबीची ओएसटी प्रेमाने कॉपी केली, जुनी डिस्क फॉरमॅट केली आणि मग नव्या मशीनवर तिच्यावर डबल क्लिक करत बसलो. मेल आयमॅपवर होते म्हणून वाचले. कॉन्टॅक्ट गेले ते गेलेच, कारण आयमॅप अकाउंटमधे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरच्या फोल्डरपुढे "धिस कॉम्प्युटर ओन्ली" असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ अगदी तोच असतो. मी ते रोज बघत होतो, वाचलं कधीच नव्हतं.

तर ओएसटी असेल तर कॉपी नाही, एक्स्पोर्ट करायचं:

1. फाईल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट एक्स्पोर्ट.
2. "एक्स्पोर्ट टू अ फाईल" निवडा, पुढे "आउटलुक डेटा फाईल, पीएसटी".
3. यादीत सगळ्यात वरचं, म्हणजे अकाउंटचंच नाव निवडा आणि "इन्क्लूड सबफोल्डर्स" वर टिक आहे ना ते बघा. ही टिक करायची राहून गेली तर फाईल तयार होते, एरर येत नाही, आणि आत मेल नसतात.
4. पासवर्ड विचारेल, टाकायलाच पाहिजे असं नाही. टाकलात तर लिहून ठेवा.

एक्स्पोर्टमधे मेल येतात पण अकाउंटची सेटिंग आणि रूल्स (आलेला मेल आपोआप कुठे टाकायचा वगैरे नियम) येत नाहीत. रूल्स वेगळे एक्स्पोर्ट करावे लागतात, सिग्नेचर वेगळ्या फोल्डरमधे असतात (रनच्या खिडकीत दोन टक्क्याच्या चिन्हांमधे अ‍ॅपडेटा टाईप करून एंटर मारा, आत मायक्रोसॉफ्ट, आत सिग्नेचर्स). माझ्या मते सिग्नेचर नवीनच बनवा, तेवढ्यासाठी कुठे खोदत बसता.

मुळातच पीएसटी असेल तर आउटलुक पूर्ण बंद करा आणि मग फाईल कॉपी करा. पूर्ण बंद म्हणजे टास्क मॅनेजर उघडून खात्री करा, कारण खिडकी बंद केली तरी ते मागे थोडा वेळ चालू राहतं आणि चालू असताना कॉपी केलेली फाईल एक तर होतच नाही नाहीतर बिघडलेली येते. बिघडलीच तर आउटलुकबरोबरच स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं टूल येतं, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ देऊ नका.

नव्या मशीनवर पीएसटी आधी हार्डडिस्कवर उतरवा, पेनड्राईव्हवरूनच उघडू नका, एकदा चालू असताना पेनड्राईव्ह उपसला की संपलं. आणि जागा निवडताना बघा की ते फोल्डर वनड्राईव्हला सिंक होत नाहीये, नव्या विंडोजमधे डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा आपोआप तिकडे जोडलेलं असतं. आउटलुकमधे उघडी असलेली पीएसटी आणि वनड्राईव्ह यांचं जमत नाही. सरळ सी ड्राईव्हवर "मेल" नावाचं फोल्डर करा आणि तिथे ठेवा. मग फाईल, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाईल. डावीकडे खाली वेगळी पेटी दिसायला लागेल, जुने फोल्डर जसेच्या तसे. तिथेच राहू द्या, नव्या इनबॉक्समधे मिसळायचा अट्टाहास नको, शोधताना दोन्हीकडे शोधता येतंच.

फार जुनी पीएसटी असेल, आउटलुक 2002 किंवा त्याआधीची, तर तिला 2 जीबीची मर्यादा होती. अशा फाईलमधे नवीन मेल टाकू नका, फक्त उघडून वाचायला ठेवा.

थंडरबर्ड असेल तर

इथे काम सोपं आहे कारण सगळं एका फोल्डरमधे असतं, त्याला प्रोफाईल म्हणतात. मेल, अकाउंट, पासवर्ड, फिल्टर, अ‍ॅड्रेस बुक, सगळं. फोल्डर लपवलेल्या जागी असतं पण शोधायची गरज नाही, तीन आडव्या रेघांच्या बटणातून हेल्प, तिथून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, आणि त्या पानावर "प्रोफाईल फोल्डर" समोर "ओपन फोल्डर".

त्याआधी एकदा फाईल मेनूमधून "कॉम्पॅक्ट फोल्डर्स" करा (मेनू दिसत नसेल तर ऑल्ट की दाबा). थंडरबर्डमधे मेल डिलीट केला तरी तो फाईलमधून लगेच जात नाही, नुसती खूण होते. आत्याच्या मशीनवर इनबॉक्सची फाईल 9 जीबी होती, कॉम्पॅक्ट केल्यावर 4 च्या आत आली. 5 जीबी नुसता कचरा वाहून नेणार होतो आम्ही.

मग थंडरबर्ड बंद करून ते अख्खं प्रोफाईल फोल्डर कॉपी करा. नव्या मशीनवर थंडरबर्ड टाका, जुन्याइतकंच किंवा त्यापेक्षा नवीन व्हर्जन, कारण जुनं व्हर्जन नव्या व्हर्जनमधे वापरलेलं प्रोफाईल उघडायला नकार देतं. एकदा चालू करा, अकाउंट जोडायला सांगेल ते रद्द करा, वरच्याच रस्त्याने तिथलं प्रोफाईल फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद करा, त्या फोल्डरच्या आतलं सगळं काढा आणि जुन्या फोल्डरच्या आतलं सगळं तिथे पेस्ट करा. आतलं, फोल्डर नाही. फोल्डरच्या आत फोल्डर पेस्ट केलं की थंडरबर्ड कोरं उघडतं आणि आपल्याला वाटतं गेलं सगळं. पहिल्यांदा उघडताना फोल्डरची यादी बनवायला वेळ घेईल, घेऊ द्या.

टूल्समधे एक्स्पोर्ट पण आहे, ते झिप बनवून देतं, पण प्रोफाईल 2 जीबीपेक्षा मोठं असेल तर ते चालत नाही, तेव्हा हाताने कॉपीच करा.

अटॅचमेंटचं काय

मेल आले म्हणजे अटॅचमेंट आल्या, हे ऐंशी टक्के खरं आहे. मेलच्या आत चिकटलेली फाईल मेलबरोबरच जाते. (थंडरबर्डच्या मेलच्या फाईली इतक्या फुगतात का तर अटॅचमेंट आत अक्षरांच्या रूपात साठवली जाते, दर 3 बाइटचे 4 होतात, म्हणजे साधारण एक तृतीयांश जास्त जागा.) राहतात त्या तीन जाती.

पहिली, लिंक. जीमेलमधे 25 एमबीपेक्षा मोठी फाईल जोडली की ती ड्राईव्हवर जाते आणि मेलमधे नुसती लिंक राहते. दिसायला अटॅचमेंटसारखीच दिसते. पाठवणाऱ्याने ती ड्राईव्हवरून काढली की तुमच्याकडे फक्त नाव उरतं. मोठ्या फाईलींचे मेल शोधून आजच डाउनलोड करून ठेवा.

दुसरी, आउटलुकमधून थेट उघडून बदल केलेली फाईल. मेलमधली एक्सेल डबल क्लिक करून उघडली, दोन तास काम केलं, सेव्ह केलं, बंद केलं. ती मेलमधे सेव्ह झाली असं वाटतं, पण बऱ्याचदा ती एका लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमधे जाते. शोधायची असेल तर लोकल अ‍ॅपडेटामधे मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश, आणि त्यात "कंटेंट डॉट आउटलुक". हे नाव अ‍ॅड्रेस बारमधे पूर्ण टाईप करावं लागतं, नुसतं क्लिक करत गेलात तर दिसणारच नाही. आत काही असलं तर उचलून डेस्कटॉपवर आणा.

तिसरी, थंडरबर्डमधे "डिटॅच" केलेली. डिटॅच म्हणजे फाईल मेलमधून काढून डिस्कवर ठेवणं, मेलमधे फक्त त्या जागेचा पत्ता राहतो. नव्या मशीनवर युजरचं नाव वेगळं असलं की पत्ता चुकतो आणि अटॅचमेंट उघडत नाही. त्या फाईलींचं फोल्डर पण उचला आणि शक्य असेल तर नव्या मशीनवर अगदी त्याच पत्त्यावर ठेवा.

पेनड्राईव्हवर टाकताना

"फाईल खूप मोठी आहे" असा एरर आला आणि पेनड्राईव्हमधे तर 50 जीबी रिकामे दिसतायत, तर पेनड्राईव्ह फॅट 32 मधे आहे. त्यात एक फाईल 4 जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, आतलं आधी काढून घेऊन.

एकेक मेल वेगळी फाईल म्हणून सेव्ह करून ठेवलेले असतील तर वेगळीच गंमत होते. मेलचा विषयच फाईलचं नाव बनतो, विषय लांबलचक, फोल्डरच्या आत फोल्डर, आणि विंडोजची जुनी 260 अक्षरांची मर्यादा आडवी येते. जिथे अडेल ते फोल्डर आधी सी ड्राईव्हच्या तोंडाशी आणा, नाव छोटं करा, मग कॉपी करा. आणि या फाईली ईएमएल आहेत की एमएसजी ते बघा. ईएमएल बहुतेक प्रोग्रॅममधे उघडतात, थंडरबर्डमधे तर सरळ फोल्डरवर ओढून टाकता येतात. एमएसजी हा आउटलुकचा प्रकार, नव्या मशीनवर आउटलुक नसेल तर आधीच विचार करा.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि फाईलींची संख्या आणि बाइट जुळवा. "साईज" जुळवा, "साईज ऑन डिस्क" नाही, ती वेगळी येणारच.

प्रोग्रॅमच बदलायचा असेल तर

आउटलुकमधून थंडरबर्ड, विंडोजवरून मॅक, असले प्रकार. कन्व्हर्टरच्या जाहिराती भरपूर दिसतील, बऱ्याचशा फुकट म्हणतात आणि पहिल्या काही मेलनंतर पैसे मागतात. माझा उपाय साधा आहे, सर्व्हरचाच पूल करा. जुन्या प्रोग्रॅममधे एक आयमॅप अकाउंट जोडा, त्यात नवीन फोल्डर बनवा आणि लोकल मेल त्यात कॉपी करा, मूव्ह नाही, कॉपी. ते सर्व्हरवर चढतात आणि नव्या मशीनवर कुठल्याही प्रोग्रॅममधे उतरतात. एका वेळी दोन-तीनशेच मेल घ्या, सगळे एकदम ओढले की मधेच अडकतं आणि किती गेले किती राहिले तेच कळत नाही. सर्व्हरवर तेवढी जागा पाहिजे हे मात्र आलंच, जीमेलची फुकटची 15 जीबी ड्राईव्ह आणि फोटो मिळून असते.

जुनं मशीन चालूच होत नसेल

बहुतेक वेळा मशीन मेलेलं असतं, डिस्क नाही. ती काढून यूएसबी केसमधे घाला आणि नव्या मशीनला लावा, मग युजर्स फोल्डरमधून तुमच्या नावाच्या फोल्डरमधे जा. हिडन फाईल्स दाखवायचं सेटिंग चालू करा, नाहीतर अ‍ॅपडेटा दिसणार नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागेल, ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सेव्ह असते. काही पातळ लॅपटॉपमधे स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटवलेलं असतं, तिथे मात्र दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागेल.

जुनं कधी पुसायचं

लगेच नाही. आधी नव्या मशीनचं वायफाय बंद करा आणि तीन मेल उघडा, एक सगळ्यात जुना, एक मधला, एक सेंट फोल्डरमधला, तिघांच्याही अटॅचमेंटसकट. नेट नसताना उघडले तर माल खरंच डिस्कवर आलाय. सेंट फोल्डर मुद्दाम सांगतोय, लोक इनबॉक्स बघून खूश होतात आणि आपण पाठवलेले मेल महिन्याभराने आठवतात.

पॉप अकाउंट असेल तर नव्या मशीनवर "लीव्ह अ कॉपी ऑन सर्व्हर" चालू करा आणि जुन्या मशीनवरचा मेल प्रोग्रॅम परत उघडू नका, नाहीतर दोघं मिळून मेल वाटून घेतात, अर्धे इकडे अर्धे तिकडे. सुरुवातीला काही मेल दोनदा दिसतील, सर्व्हरवर उरलेले परत उतरतात म्हणून, ते डिलीट केले की झालं.

आत्याच्या जुन्या डब्यावर मी चिठ्ठी लावली, "दोन महिने हात लावायचा नाही". पाचव्या आठवड्यात तिला एक जुनी पावती हवी होती, ती मेलमधे नव्हतीच, डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर 3" मधे सापडली. डबा नंतर पूर्ण रीसेट करूनच दिला, ड्राईव्ह पण पुसायचा पर्याय निवडून, नुसतं रिसायकल बिन रिकामं करून नाही. आणि ज्या पेनड्राईव्हवरून प्रोफाईल नेलं तो पण फॉरमॅट करा, कुणाला फोटो द्यायला म्हणून तसाच देऊ नका, त्यात तुमच्या मेलचे पासवर्ड आहेत.